भुसावळच्या उन्हाळ्यात तगतील असे मासे

प्रश्न:

मुलाच्या वाढदिवसाला आम्ही घरी फिश टँक आणला. तो दीड फूट लांब, दहा इंच रुंद आणि एक फूट उंच आहे. दुकानदाराने त्याबरोबर चार गोल्डफिश, दोन छोटे शार्क आणि काच स्वच्छ ठेवतो म्हणून एक सकर मासा दिला. पंधरा दिवसांच्या आत तीन गोल्डफिश आणि दोन्ही शार्क मेले. पाणी पांढुरके दिसू लागले की मी टाकी पूर्ण रिकामी करत होते, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धूत होते आणि नवे पाणी भरत होते, तरीही उपयोग झाला नाही. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे बहुतेक वापर बोअरच्या पाण्याचा आहे, आणि त्या पाण्यात तुरीची डाळसुद्धा धड शिजत नाही. दुपारी वीज जाते ती वेगळीच. सासूबाईंना कुणीतरी सांगितले आहे की घरात आठ सोनेरी आणि एक काळा मासा असावा. यजमान म्हणतात की उरलेले दोन मासे तापीत सोडून द्यावेत आणि टाकी माळ्यावर टाकावी. मुलगा पाचवीत आहे आणि नवे मासे कधी आणायचे हे रोज विचारतो. लवकर मरणार नाहीत असे मासे कृपया सुचवावेत.

– एक वाचक, भुसावळ

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात माशांविषयी बरेच काही आहे, परंतु सल्ला देण्याच्या दृष्टीने मला सर्वांत उपयोगी पडलेले वाक्य डाळीविषयीचे आहे. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात, आणि तुमच्या घरी कोणता मासा जगेल याचा अर्धा निर्णय या क्षारांनी आधीच करून ठेवलेला आहे. उरलेला अर्धा निर्णय टाकीचे माप आणि आपल्याकडचा मे महिना मिळून करतात. आपण मात्र बहुधा उलट्या क्रमाने जातो. दुकानात जो मासा डोळ्यांत भरतो तो आधी घरी आणतो आणि मग त्याला मानवेल असे पाणी कसे करावे या खटपटीला लागतो, ज्यात आधी पैसे जातात आणि शेवटी मासाही जातो.

आधी टाकीचे माप पाहू. तुम्ही लिहिलेल्या मापाची टाकी काठोकाठ भरली तर सुमारे 35 लिटर पाणी मावते, परंतु तळाचे खडे, वर सोडलेली जागा आणि फिल्टर वजा जाता प्रत्यक्षात 27-28 लिटर पाणी उरते. एवढ्या थोड्या पाण्यात तापमान लवकर चढते, लवकर उतरते आणि खाद्याची एखादी चिमूट जास्त पडली तरी पाणी बिघडते. मोठी टाकी सांभाळणे अवघड आणि लहान टाकी सोपी, अशी जी समजूत आहे ती नेमकी उलटी आहे. तुमची टाकी निरुपयोगी मुळीच नाही, पण तिच्यात चुकीला फारशी जागा नाही.

तुमचे मासे कशाने मेले हे समजल्याशिवाय पुढची निवड नीट होणार नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, आणि त्यांची विष्ठा व उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. स्थिरावलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच आणि त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या टाकीत सुरुवातीलाच सात मासे आले, आणि नंतर जे थोडेफार जिवाणू स्पंजवर धरू लागले होते तेही प्रत्येक वेळी नळाखाली धुऊन निघून गेले. पांढुरके पाणी हे नव्या टाकीत नेहमी दिसणारे लक्षण आहे आणि ते बहुतेक वेळा आपोआप निवळते. टाकी घाण झाली असे समजून ती घासूनपुसून स्वच्छ करणे हे कोणत्याही नीटनेटक्या घरात होणारच, त्यामुळे त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. पण यापुढे तसे करू नका.

आपल्या भागात हा अमोनिया अधिक घातक ठरतो. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो; त्यांपैकी एक रूप माशांना अतिशय विषारी असते आणि दुसरे बरेच सौम्य. विषारी रूपाचा वाटा किती असेल हे पाण्याच्या सामूवर (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचे माप) आणि तापमानावर ठरते. सामू 7 आणि तापमान 25 अंश असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी असतो. त्याच तापमानाला सामू 8 झाला की हा भाग 5 टक्क्यांवर जातो आणि पाणी 30 अंशांपर्यंत तापले की 7 टक्क्यांच्या पुढे जातो. बोअरच्या जड पाण्याचा सामू सहसा 7 च्या वरच असतो. याचा अर्थ असा की मऊ पाण्याच्या, थंड गावातील टाकीत जेवढी घाण मासा मुकाट्याने सहन करील, तेवढीच घाण भुसावळात त्याचा जीव घेऊ शकते. त्यात भर प्राणवायूची पडते. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर 35 अंशांच्या पाण्यात तो 7 मिलिग्रॅमच्या आसपास येतो, आणि नेमक्या त्याच वेळी उष्णतेमुळे माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. बाहेर पारा 45 च्या पुढे गेलेला असताना दुपारी वीज गेली आणि एअर पंप थांबला की काय होते, ते तुम्ही पाहिलेच आहे.

आता दुकानातून मिळालेल्या माशांकडे वळतो. गोल्डफिश हा आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला, थंड पाण्यात रमणारा मासा आहे. तो नीट वाढला तर शेपटीसह सहज 15 ते 20 सेंटिमीटरचा होतो, दहा-पंधरा वर्षे जगू शकतो आणि सतत खात राहत असल्यामुळे पाणीही सतत घाण करतो. 28 लिटरमध्ये असा एक मासाही जास्त होतो, चार तर दूरच राहिले. काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवण्याची जी चाल चित्रांतून रूढ झाली आहे तिने या बिचाऱ्या माशाचे जेवढे नुकसान केले तेवढे दुसऱ्या कशानेही केले नसेल. शार्क म्हणून जो चंदेरी मासा विकला जातो तो शार्क नसून बहुधा आग्नेय आशियातील मेकाँग नदीच्या खोऱ्यातला पंगस असतो. त्याचीच शेती करून मांस बाजारात बासा या नावाने विकले जाते. पूर्ण वाढल्यावर त्याची लांबी एक मीटरच्या पुढे जाऊ शकते. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि तोही दीड फुटांच्या आसपास वाढतो, म्हणजे तुमच्या टाकीच्या लांबीइतका. काचेवरील शेवाळ तो लहानपणी थोडेफार खरवडतो हे खरे, पण जेवढे स्वच्छ करतो त्याहून जास्त विष्ठा टाकतो. काच पुसण्यासाठी जुन्या सुती कापडाचा तुकडा पुरतो.

दुकानात परत गेल्यावर आणखी काही नावे तुमच्यापुढे येतील, म्हणून त्यांचाही निकाल येथेच लावून टाकतो. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न बोटाएवढे असताना विकले जातात आणि फूटभर वाढतात, त्यामुळे त्यांचा विचारच नको. एंजल फिशची उंची पंखांसह सहा इंच किंवा त्याहून जास्त होते आणि लहान मासे तो गिळून टाकतो. टायगर बार्ब लांब शेपटीच्या माशांच्या शेपट्या कुरतडतो. निऑन टेट्रा दिसायला अत्यंत देखणा आहे आणि आकारानेही तुमच्या टाकीत बसला असता, पण तो अमेझॉनच्या खोऱ्यातील मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला मासा आहे आणि 26 अंशांच्या वर त्याला सुख नसते. आपल्या जड आणि तापलेल्या पाण्यात निऑन आणणे म्हणजे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी भुसावळच्या गच्चीवर लावण्यासारखे आहे. रंग टोचलेले पारदर्शक मासे कधी कधी विक्रीला असतात. ते रंग टिकत नाहीत आणि मासेही टिकत नाहीत, म्हणून तेही घेऊ नका.

मग घ्यावे काय? माझी पहिली पसंती गप्पी या माशाला आहे, आणि हे नाव वाचून तुम्ही किंचित निराश झालात तरी मला नवल वाटणार नाही. हिवताप आणि डेंग्यू रोखण्यासाठी आरोग्य विभागाचे कर्मचारी हौदात आणि डबक्यात जे मासे सोडतात तेच हे गप्पी, त्यामुळे आपल्याकडे ते शोभेचे मासे म्हणून फारसे कुणी मनावर घेत नाही. परंतु जड पाणी, लहान टाकी आणि उन्हाळा या तुमच्या तिन्ही अडचणींच्या कसोटीला हाच मासा उतरतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला आणि त्रिनिदादसारख्या बेटांवरचा. 1866 साली रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी या निसर्ग अभ्यासकाने त्रिनिदादहून त्याचे नमुने लंडनला ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले आणि त्यांचेच नाव त्याला चिकटले, ही माहिती तुमच्या मुलाला आवडेल. क्षारयुक्त, 7 ते 8.5 सामूचे पाणी त्याला मानवते. उलट फार मऊ पाण्यात तो अशक्त होतो. 22 ते 28 अंश हे त्याचे सोयीचे तापमान असले तरी पाण्यात हवा खेळती असेल तर तो 30-32 अंशांपर्यंत तग धरतो. नर जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे 28 लिटरमध्ये त्याला खऱ्या अर्थाने पोहायला जागा मिळते. आणि शोभेसाठी वाढवलेल्या नर गप्पींच्या शेपट्यांचे रंग पाहिले की हौदातल्या गप्पींची आठवणही येत नाही.

फक्त नरच घ्या, हे मात्र आग्रहाने सांगतो. गप्पीची मादी अंडी न घालता थेट पिले देते, साधारण महिन्याला एकदा, आणि एका खेपेला वीस-तीस किंवा त्याहूनही अधिक. नरापासून वेगळी ठेवली तरी साठवलेल्या बीजावर ती पुढे कित्येक महिने पिले देऊ शकते, आणि दुकानातली मादी जवळजवळ नेहमीच गाभण असते. मुलाला पिलांचे अपार कौतुक वाटेल, पण दिवाळीपर्यंत टाकीत एवढी गर्दी होईल की आज ज्या कारणाने मासे मेले त्याच कारणाने ते पुन्हा मरू लागतील. नर ओळखणे सोपे आहे. तो लहान, सडपातळ आणि रंगीत असतो आणि त्याच्या पोटाखालचा मागचा पर काडीसारखा अरुंद असतो. मादी मोठी, करड्या रंगाची, पोटाने भरलेली असते आणि तिचा तो पर पंख्यासारखा पसरट असतो. दुकानदाराने घाईने जाळीत जे येईल ते पिशवीत घातले तर ते परत काढायला लावा, संकोच करू नका.

गप्पीच्याच नात्यातली प्लॅटी हाही तुमच्या पाण्याला योग्य असा मासा आहे. ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील क्षारयुक्त पाण्यातली, पाच-सहा सेंटिमीटरची, शांत स्वभावाची आहे आणि शेंदरी, पिवळ्या व काळ्या रंगांत मिळते. तीही पिले देते, त्यामुळे तिचेही फक्त नरच घ्यावेत. मॉली जड पाण्यात उत्तम राहते, पण ती मोठी होते आणि तिला या टाकीच्या दुप्पट तरी जागा हवी. झेब्रा डॅनिओ हा तर आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-नाल्यांचा चिवट मासा. परंतु तो सारखा धावत असतो आणि सहा-सातच्या थव्यात राहतो, म्हणून तुमची टाकी अडीच फुटांची असती तर मी त्याला गप्पीच्या बरोबरीने सुचवले असते.

दुसरा एक वेगळा पर्याय असा की संपूर्ण टाकीत एकच नर फायटर ठेवावा. थायलंडने 2019 साली राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिलेला हाच मासा. कल्ल्यांच्या वर असलेल्या एका विशेष अवयवामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे वीज गेली आणि पंप थांबला तरी तो इतर माशांसारखा गुदमरत नाही, आणि उबदार पाणी तर त्याला आवडतेच. फार जड पाणी मात्र त्याला गप्पीइतके मानवत नाही. दुकानात त्याला चहाच्या पेल्याएवढ्या भांड्यात ठेवतात म्हणून त्याला तेवढीच जागा पुरते असे समजू नये. दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना फाडतात, आणि गप्पीची रंगीत लांब शेपटी पाहून तो गप्पीवरही धावून जातो, म्हणून गप्पी किंवा फायटर यांपैकी एकच काय ते ठरवा. मुलाला थवा पाहायचा असेल तर गप्पी; नाव ठेवून ओळख धरावी असा एकच मासा हवा असेल तर फायटर.

आता सासूबाईंच्या इच्छेविषयी. आठ सोनेरी आणि एक काळा ही कल्पना चिनी फेंगशुईतून आपल्याकडे आली आहे. तिच्या खरेखोटेपणात शिरण्याचे मला कारण नाही, पण नऊ गोल्डफिशना शेकडो लिटरची टाकी लागेल हे त्यांना जरूर सांगावे. त्यांचे मन राखण्याचा मार्गही आहे. पिवळ्या-सोनेरी रंगाचे नर गप्पी मिळतात आणि काळेही मिळतात, त्यामुळे आठ आणि एक हा हिशेब तुमच्या टाकीत बसू शकतो. मात्र नऊ ही या टाकीची अगदी वरची मर्यादा आहे. आधी तीन आणावेत, ते तीन आठवडे ठणठणीत राहिले तर आणखी तीन, आणि उरलेले तीन दिवाळीनंतर. सासूबाईंचा अंक पूर्ण व्हायला उशीर होईल, पण तो पूर्ण होईल.

मुलाला आवडणार नाही अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. सध्या मासे आणूच नका. आखाजी ते मृग हा काळ नवे मासे आणण्यासाठी वर्षातला सर्वांत वाईट काळ आहे. प्लास्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून हे मासे चेन्नई-कोलकात्याकडून लांबचा प्रवास करून येतात, त्यात वाटेतला उन्हाळा, मग दुकानातली गर्दी, आणि मग तुमची न स्थिरावलेली टाकी. एवढे सगळे एका छोट्या जिवाने सोसावे ही अपेक्षा योग्य नाही. पाऊस लागून हवा निवली की, श्रावणात कानबाईच्या सुमारास, पहिले तीन मासे आणावेत. दरम्यानच्या काळात टाकी रिकामी ठेवायची नाही. पाणी भरून फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा आणि रोज खाद्याची अगदी छोटी चिमूट टाका, म्हणजे ती कुजून तयार होणाऱ्या अमोनियावर जिवाणू वाढतील. ओळखीच्या कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज मागून आणून आपल्या टाकीत ठेवल्यास हे काम पुष्कळ लवकर होते. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याची साधी चाचणी-पेटी विकत मिळते. दोन्हींचे आकडे सलग काही दिवस शून्य आले की टाकी तयार झाली असे समजावे. पाचवीतल्या मुलाला रोज थेंब टाकून रंग ताडून पाहण्याचे आणि वहीत लिहून ठेवण्याचे काम दिले तर त्याची वाट पाहणे सुसह्य होईल.

पाण्याविषयी काही ठळक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तुमच्या घरी किंवा शेजारी आरओ बसवणारा जो कारागीर येतो त्याच्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजण्याचे पेनाएवढे यंत्र असते. त्याच्याकडून बोअरचे पाणी एकदा तपासून घ्या. टीडीएस म्हणजे काठिण्य (पाण्याचा जडपणा) नव्हे, पण अंदाज येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण काठिण्य लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानले आहे आणि दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास 600 पर्यंत चालवून घेतले आहे. या दोन मर्यादांच्या मधल्या पाण्यात गप्पी आणि प्लॅटी राहू शकतात. टीडीएसचा आकडा दीड-दोन हजारांच्या घरात निघाला तरच बोअरच्या पाण्यात निम्मे आरओचे पाणी मिसळावे. नुसत्या आरओच्या पाण्याने टाकी भरू नये, कारण गप्पीला जे क्षार हवेत तेच त्यात नसतात. मात्र उन्हाळ्यात पाण्याची पातळी रोज खाली जाते तेव्हा केवळ वाफ होऊन कमी झालेल्या पाण्याची भर घालण्यासाठी आरओचे पाणी वापरावे, कारण वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात, आणि वरून बोअरचेच पाणी ओतत गेल्यास टाकी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते.

आठवड्यातून एकदा चतुर्थांश पाणी, म्हणजे सात लिटर, नळीने काढून तेवढेच नवे भरावे. बोअरचे पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवावे. नगरपालिकेच्या किंवा टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचे क्लोरीन असते, विशेषतः पावसाळ्यात, म्हणून ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे किंवा दुकानात हायपो नावाने मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे त्यावर लिहिलेल्या प्रमाणात घालावेत. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळावा. नळाखाली कधीही धुऊ नये. दुकानदार जे निळे औषध सरसकट देतात ते निरोगी टाकीत टाकण्याचे कारण नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडची कोरडी हवा एरवी छळते, पण टाकीच्या बाबतीत ती उपयोगी पडते. काचेचे झाकण काढून त्या जागी मच्छरदाणीचे कापड ताणून बसवा, कारण गप्पी उड्या मारतात, आणि लहान टेबल फॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरपा जाईल अशी रचना करा. बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. ज्या खोलीत कूलर लावता त्याच खोलीत टाकी ठेवली तर आणखी चांगले. खिडकीतून येणारे सकाळचे ऊनसुद्धा टाकीवर पडू देऊ नका. बर्फ थेट पाण्यात टाकू नये. फारच तापले तर घट्ट बुचाच्या बाटलीत गोठवलेले पाणी थोडा वेळ तरंगत ठेवावे आणि तापमान हळूहळू उतरू द्यावे. एअर पंपाला फारच थोडी वीज लागते, त्यामुळे घरी इन्व्हर्टर असेल तर तो त्यावर जोडून घ्या. नसेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवा, ती खरेदी कोणत्याही सजावटीपेक्षा अधिक मोलाची आहे. टाकीच्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विड किंवा फवारा वापरू नका, कारण त्यांतील पायरेथ्रॉइड वर्गाची द्रव्ये माशांना अत्यंत विषारी असतात आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडत असतो.

हिवाळ्याचा विचार आपल्याकडे सहसा कुणी करत नाही. जळगाव-धुळ्याकडे पौष-माघात रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, आणि मेमध्ये तगलेला गप्पी तेव्हा आजारी पडतो. थर्मोस्टॅट असलेला 50 वॅटचा हीटर 24 अंशांवर लावून ठेवावा आणि पाणी बदलण्याआधी त्याची पिन न चुकता काढावी.

उरलेल्या दोन माशांविषयी यजमानांचा विचार मात्र मी स्पष्टपणे नाकारतो. सकर आपल्या पाण्यातला नाही. देशातल्या अनेक नद्या-तलावांत तो असाच टाक्यांमधून पोहोचला आहे. त्याच्या अंगावरच्या कठीण कवचामुळे त्याला खाणारे फारसे कुणी नसते, तो काठाला बिळे करतो, मासेमारांची जाळी फाडतो आणि स्थानिक माशांचे खाद्य खातो. म्हणून तो तापीत नको, हतनूरच्या जलाशयात नको आणि शेतातल्या विहिरीतही नको. गोल्डफिशलाही हेच लागू आहे, आणि पुढे कधी गप्पी जास्त झाले तर त्यांनाही. आरोग्य विभाग ते बंदिस्त हौदा-डबक्यांत सोडतो, त्यावरून ते ओढ्यात सोडायला हरकत नाही असा अर्थ काढू नये. दुकानदाराला दोन्ही मासे परत घेण्याची विनंती करा. पैसे परत मिळाले नाहीत तरी चालेल. तो तयार नसेल तर ज्यांच्याकडे चार फुटांची टाकी आहे अशा कुणाला द्या. सोय होईपर्यंत त्यांना दिवसातून एकदाच, तेही अगदी थोडे खाद्य घाला आणि दर दोन दिवसांनी चतुर्थांश पाणी बदला. त्यांच्या असण्याने टाकीतले जिवाणूही वाढत राहतील, त्यामुळे ते असेपर्यंत वेगळी चिमूट टाकण्याची गरज नाही.

श्रावणात दुकानात जाल तेव्हा माल कधी आला हे आधी विचारा, आणि आठवडाभर दुकानात राहून तरलेल्यांतूनच मासे निवडा. पर मिटून कोपऱ्यात बसलेले, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असलेले किंवा पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकणारे मासे ज्या टाकीत असतील त्या टाकीतला कोणताच मासा घेऊ नका. जळगावहून आणणार असाल तर संध्याकाळच्या गाडीने आणा. घरी आल्यावर बंद पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगू द्या, मग त्यात टाकीचे पाणी थोडे थोडे घाला आणि मासे जाळीने उचलून सोडा. दुकानाचे पाणी टाकीत ओतू नका. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. पावसाळ्यात कुंडीखालच्या बशीत डासांच्या अळ्या सापडल्या तर त्या गाळून टाकीत सोडा, गप्पी तुटून पडतील.

दिवाळीत चार-पाच दिवस माहेरी किंवा गावी जाणार असाल तर निरोगी प्रौढ गप्पी तेवढे दिवस खाद्यावाचून सहज राहतात. आदल्या दिवशी पाणी बदलून जा. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यायचीच असेल तर खाद्याचा डबा कपाटात बंद करून ठेवा आणि वीज जाऊन आल्यावर पंप पुन्हा सुरू झाला आहे की नाही, एवढेच पाहायला सांगा.